बाळाच्या डोक्याला मार लागतो तेव्हा : स्कॅन काय सांगतो, काय सांगू शकत नाही

दुपारची वेळ आहे. मुलगा आणि सून कामावर गेली आहेत, घरात तुम्ही आणि सात महिन्यांचा नातू. त्याला पलंगावर निजवून तुम्ही दार उघडायला उठता आणि मागे धप्प असा आवाज होतो. पुढचे काही क्षण बाळ रडत नाही. मग रडते, आणि त्या रडण्यानेच तुमच्या जिवात जीव येतो. संध्याकाळपर्यंत मात्र कानाच्या वरच्या बाजूस मऊसर टेंगूळ दिसू लागते, बाळ दोनतीनदा ओकते, नेहमीच्या वेळेआधीच पेंगू लागते आणि सगळे घर रुग्णालयाच्या बाकावर येऊन बसते. डॉक्टर संगणकाच्या पडद्यावर करड्या रंगाच्या चकत्या एकामागून एक सरकवत असतात. घराला मात्र एकच विचारायचे असते : ‘बाळ पहिल्यासारखे होईल ना?’

या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. आत काय झाले आहे, हा पहिला; पुढे काय होईल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आजचे यंत्र काही सेकंदांत देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर तेच यंत्र त्याच रात्री देईल, अशी अपेक्षा आपण धरतो आणि तिथे फसगत होते. अनेक घरांत दिवसभर तान्ह्या बाळाचा सांभाळ आजी-आजोबा करतात किंवा सांभाळायला ठेवलेली बाई करते. म्हणून त्या बाकावर बसण्याची पाळी येण्याआधीच या दोन उत्तरांमधले अंतर तुम्ही समजून घेतलेले बरे.

घरातल्या घरात पडलेल्या बहुतेक बाळांना गंभीर इजा होत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेतील 25 रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांनी डोक्याला मार लागलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या 42,412 मुलांची नोंद ठेवली आणि 2009 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूला खरोखर काळजी करण्याजोगी इजा झालेली मुले निघाली शंभरात एकाहूनही कमी, 0.9 टक्के. मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली ती 60 मुलांवर. तरीही सीटी स्कॅन झाला होता 35 टक्के मुलांचा. म्हणजे बऱ्याच स्कॅनमागे इजेपेक्षा धास्तीच अधिक होती.

याच अभ्यासातून दोन वर्षांखालच्या मुलांसाठी सहा गोष्टी पाहण्याचा प्रघात पडला. बाळाच्या शुद्धीत फरक आहे का. कवटीला तडा हाताला लागतो का. टेंगूळ कपाळावर नसून डोक्याच्या बाजूला किंवा मागे आहे का. पाच सेकंद किंवा त्याहून अधिक काळ शुद्ध हरपली होती का. आघात जबर होता का, उदाहरणार्थ तीन फुटांहून अधिक उंचीवरून बाळ पडले का. आणि ते घरच्यांना नेहमीसारखे वाटते आहे का. यांपैकी काहीच नसेल तर गंभीर इजेची शक्यता अत्यल्प असते आणि स्कॅन सहसा टाळता येतो. यातली शेवटची बाब मला फार मोलाची वाटते. इतक्या मोठ्या अभ्यासातून निघालेल्या निकषांत घरच्या माणसाच्या नजरेलाही एक जागा मिळाली आहे. ‘आज याचे काहीतरी बिघडले आहे’ हे तुमचे वाक्य डॉक्टरांना संकोच न करता सांगा.

उंचीचा हिशोबही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साधा पलंग दीड-दोन फुटांचा असतो, स्वयंपाकघरातला ओटा तीन फुटांच्या आसपास. उभ्या माणसाच्या कडेवरून निसटलेले बाळ मात्र तीन फुटांहून अधिक अंतर खाली येते. त्यामुळे कडेवरून पडणे हे पलंगावरून पडण्याइतके साधे समजू नये. बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल तर लक्षण दिसो वा न दिसो, डॉक्टरांना दाखवावे. फिट येणे, वारंवार ओकणे, दूध न ओढणे, उठवूनही नीट जागे न होणे, टाळू फुगून ताठ होणे, नाकाकानांतून पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी काहीही दिसले तर उजाडण्याची वाट पाहू नका. टेंगूळ दाबू नका, चोळू नका, त्यावर तेल जिरवत बसू नका.

तान्ह्या बाळाचे डोके म्हणजे मोठ्या माणसाच्या डोक्याची छोटी प्रत नव्हे. नवजात बाळाच्या एकूण लांबीचा चौथा हिस्सा डोक्याचा असतो आणि ते पेलणारी मान अजून दुबळी असते. म्हणून पडताना बाळ बहुधा डोक्यावरच येते. कवटी पातळ आणि लवचिक, तिची हाडे अजून एकमेकांना जुळलेली नसतात. आपण जिला टाळू म्हणतो, जी आजीने तेलाने भरायची असते, ती पुढची मोकळी जागा साधारण दीड वर्षाच्या सुमारास बुजते. आतल्या मेंदूत पाण्याचे प्रमाण अधिक असते आणि त्याच्या तंतूंवर मायलिनचे स्निग्ध आवरण अजून पुरते चढलेले नसते. ताज्या खरवसाचे भांडे जोराने हिसकले तर भांडे शाबूत राहते, पण आत खरवसाला चिरा पडतात. बाळाच्या मेंदूचे काहीसे तसेच होते. बाहेर साधी खूण नसली तरी आतले लांब तंतू ताणले किंवा तुटलेले असू शकतात. रडणे थांबवण्यासाठी बाळाला दोन्ही हातांत धरून गदागदा हलवणे इतके घातक का, ते यावरून कळेल. अशा हिसक्याने मेंदूभोवतीच्या शिरा तुटून रक्तस्राव होऊ शकतो, हे ब्रिटिश मेंदूशल्यविशारद नॉर्मन गुथकेल्च यांनी 1971 सालीच मांडले होते.

इथे म्हातारपण आणि बाळपण यांत एक विलक्षण साम्य आहे. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, कवटीत जागा मोकळी होते आणि रक्तस्राव झाला तरी लक्षणे उशिरा दिसतात. बाळाची कवटीच थोडी फाकते, टाळू वर उचलली जाते, आणि तिथेही काही काळ लक्षणे झाकली जातात. म्हणून ‘पडल्यावर तासभर तर छान खेळत होता’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

आता यंत्रांकडे वळू. सीटी स्कॅनने माणसाच्या मेंदूचे चित्र पहिल्यांदा टिपले ते 1 ऑक्टोबर 1971 रोजी, लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात. यंत्राचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना त्यासाठी 1979 साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज हा स्कॅन काही सेकंदांत होतो, बाळाला सहसा गुंगीही द्यावी लागत नाही, आणि तातडीच्या प्रश्नांना तो चोख उत्तर देतो. ताजे रक्त साकळले आहे का, कवटीला तडा आहे का, मेंदूला सूज येऊन तो दाबला जातो आहे का, आत्ताच्या आत्ता शस्त्रक्रिया हवी का. क्ष-किरणांचा मारा होतो, हे खरे. लहान वयात वारंवार सीटी झालेल्यांत रक्ताचा आणि मेंदूचा कर्करोग होण्याची शक्यता किंचित वाढते, असे 2012 सालच्या ब्रिटिश अभ्यासात दिसले. पण ती वाढ अगदी लहान आहे. डॉक्टर गरज आहे म्हणत असतील तर किरणांच्या भीतीने स्कॅन नाकारणे, हा चुकीचा व्यवहार आहे.

तर सीटी जीव वाचवण्याच्या कामाचा. भविष्य सांगण्याच्या कामी मात्र तो तोकडा पडतो. ताणलेले, तुटलेले तंतू त्याला फारसे दिसत नाहीत. पहिल्या रात्रीचा सीटी जवळजवळ निर्दोष असूनही बाळ शुद्धीवर यायला वेळ लावते, असे घडते. आणि सीटीवर भीतिदायक वाटणारा कवटीचा साधा तडा काही आठवड्यांत मागे काही न ठेवता भरून येतो, असेही घडते.

पुढचा अंदाज बांधण्यासाठी एमआरआय लागतो, आणि तो बहुधा पहिल्या रात्री नव्हे, तर बाळ स्थिरावल्यावर पुढच्या काही दिवसांत करतात. पक्षाघात किंवा चक्कर यांच्या निमित्ताने तुमच्यापैकी अनेकांनी स्वतःचा एमआरआय करून घेतला असेल. ते बोगद्यासारखे यंत्र आणि त्यातला खडखडाट आठवत असेल. यात क्ष-किरण नसतात, लोहचुंबक असतो. त्याच एका यंत्रातून निरनिराळ्या रीतींनी चित्रे घेता येतात आणि प्रत्येक रीत वेगळी गोष्ट दाखवते. पेशींमधील आणि पेशींभोवतालच्या पाण्याची हालचाल कुठे अडली आहे हे दाखवणारी एक रीत आहे, तिला डिफ्यूजन म्हणतात. पेशी गुदमरल्या की पाणी आतच कोंडते आणि तो भाग चित्रात चमकतो. ही चमक पहिल्या काही दिवसांतच नीट दिसते, साधारण आठवड्याने ती फिकी पडते. म्हणून एमआरआय कोणत्या दिवशी केला, याला महत्त्व आहे. फार उशिरा केलेले चित्र उगाच दिलासा देऊ शकते.

दुसऱ्या एका रीतीची कथा कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथली आहे. दीर्घायुषी माणसांचे गाव म्हणून आरोग्यविषयक लेखांतून हे नाव तुम्ही वाचले असेल. तिथल्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात स्टीफन ॲशवाल, बार्बरा होल्शाउसर, कॅरन टाँग आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे नेमका हाच प्रश्न घेऊन बसले होते : मेंदूला इजा झालेल्या मुलाचे पुढे काय होईल, ते चित्रावरून किती सांगता येईल? टाँग यांनी सूक्ष्म रक्तस्राव टिपणारी, एसडब्ल्यूआय नावाने ओळखली जाणारी रीत मुलांसाठी वापरली. आधीच्या रीतीने जितके रक्ताचे ठिपके दिसत, त्याच्या सुमारे सहापट ठिपके या रीतीने दिसले. हे ठिपके म्हणजे तंतू जिथे तुटले, तिथे राहिलेल्या खुणा. त्यांची संख्या आणि जागा पाहिली की एक गोष्ट ठळक होते. मेंदूच्या वरच्या थरातील, कपाळामागची खरचट तुलनेने सौम्य ठरते. पण खुणा जितक्या खोल, म्हणजे दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलात, थॅलॅमसमध्ये किंवा मेंदूच्या देठात, तितकी पुढची वाट खडतर.

होल्शाउसर आणि ॲशवाल यांचे काम तर याहून निराळे. स्पेक्ट्रोस्कोपी या तंत्रात एमआरआयचे यंत्र चित्र काढत नाही, मेंदूच्या एका तुकड्यातील रसायनांचे प्रमाण मोजते. सुई नाही, रक्त नाही. त्यातली दोन रसायने महत्त्वाची. एनएए हे निरोगी चेतापेशींचे रसायन. ते घटले तर पेशी मेल्या किंवा आजारल्या आहेत असे समजायचे. दुसरे लॅक्टेट. गड चढताना पोटऱ्यांत साचते तेच हे. प्राणवायू अपुरा पडला की पेशी त्याच्याविना ऊर्जा ओढून काढतात आणि मागे लॅक्टेट उरते. निरोगी मेंदूत ते जवळजवळ दिसू नये. इजेनंतर काही दिवसांनी बाळाच्या मेंदूत लॅक्टेट आढळले आणि एनएए घटलेले दिसले, तर पुढे गंभीर अपंगत्वाची शक्यता बरीच वाढते, असे या गटाला आढळले. नुसत्या तपासणीपेक्षा तपासणी आणि स्पेक्ट्रोस्कोपी मिळून केलेला अंदाज अधिक बरोबर ठरला. तान्ह्यांच्या बाबतीत याचे मोल विशेष आहे. मोठ्या माणसाला ‘नाव काय, आज वार कोणता’ विचारून त्याची शुद्ध जोखता येते. 1974 साली ग्लासगो येथे तयार झालेली, 3 ते 15 गुणांची जी शुद्धीची मोजपट्टी जगभर वापरतात, तिच्यात बोलण्याला गुण आहेत. बाळ बोलतच नाही. म्हणून त्याच्यासाठी बोलण्याच्या जागी हुंकार, रडणे आणि कण्हणे धरावे लागते. जिथे विचारून कळत नाही, तिथे चित्राचा आधार जास्त.

पण हे चित्र वाचणे अवघड असते, आणि याबद्दल घरच्यांना फारसे कोणी सांगत नाही. मेंदूतला पांढरा आणि करडा भाग एमआरआयवर वेगवेगळा दिसतो, त्यावरच सगळे वाचन उभे असते. तान्ह्या बाळात मायलिन अजून चढत असल्याने पहिल्या काही महिन्यांत हे रंग मोठ्यांच्या उलट असतात, आणि साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान असा काळ येतो की दोन्ही भाग जवळजवळ एकाच छटेचे दिसतात. निरोगी बाळाचेही चित्र तेव्हा धूसर असते. एनएएचे प्रमाणही वयाबरोबर वाढत जाते. तीन महिन्यांच्या बाळाचा आकडा तीन वर्षांच्या मुलाशी ताडून चालत नाही. म्हणून लहान मुलांची चित्रे नित्य वाचणाऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, आणि ते मागण्यात आपल्या डॉक्टरांचा अवमान नाही.

एमआरआयला वेळ लागतो आणि बाळाने तोवर निश्चल राहायला हवे. त्यासाठी बहुधा भूल किंवा गुंगी देतात. अलीकडे काही केंद्रे मोजक्याच रीतींचा जलद एमआरआय करतात. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील अभ्यासात, सहा वर्षांखालील मुलांमध्ये, तो भूल न देता सुमारे सहा मिनिटांत पुरा झाला. अर्थात काही बारीक इजा त्यातून निसटल्या. अगदी तान्ह्या बाळासाठी एक युक्ती आहे, ती ऐकून तुम्हाला हसू येईल. बाळाला थोडे भुकेले ठेवायचे, यंत्राजवळ नेल्यावर पोटभर पाजायचे, कानांवर आवाज रोखणारे आच्छादन घालायचे आणि अंगाभोवती घट्ट दुपटे गुंडाळायचे. बाळ गाढ झोपते आणि तपासणी होऊन जाते. जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत ही रीत अभिमानाने वापरतात. आपल्या आज्यांच्या हाताला ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एवढे मात्र आठवणीने करा : वाळे, मनगट्या, बिंदल्या, ताईत, कानातले डूल, काळ्या दोऱ्यातला सोन्याचा मणी आणि झबल्याची सेफ्टी पिन, सारे आधीच काढून ठेवा. चुंबकाजवळ धातू चालत नाही.

समजा, एमआरआय झाला, अहवाल आला. डॉक्टर म्हणतात, ‘अशा इजेनंतर पुष्कळ मुलांना चालायला-बोलायला उशीर लागतो.’ याचा अर्थ कसा लावायचा? हवामान खाते जिल्ह्यात पावसाची शक्यता सांगते. आपल्या वावरात किती सरी पडतील ते सांगत नाही. वैद्यकीय अंदाजही असाच, एकसारख्या दिसणाऱ्या अनेक मुलांच्या समूहाचा असतो. टोकांची चित्रे बरीच खरी बोलतात : निर्दोष एमआरआय आणि लवकर शुद्धीवर आलेले बाळ, हा मोठा दिलासा; मेंदूभर पसरलेली गुदमर आणि देठातली इजा, ही फार गंभीर गोष्ट. त्यांच्या मधला प्रदेश विस्तीर्ण आहे आणि बहुतेक प्रश्न तिथलेच असतात. म्हणून पहिल्या दोनतीन दिवसांत एकट्या सीटीवरून ठाम भाकीत सांगण्याचे अनुभवी डॉक्टर टाळतात. घरच्यांनीही तेवढ्यावरून न फिरणारा निर्णय घेऊ नये. ‘नक्की सांगा’ असा हट्ट धरण्याऐवजी ‘आत्ता जे माहीत आहे ते सांगा आणि पुढचे केव्हा कळेल तेही सांगा’ असे विचारले, तर उत्तर अधिक खरे मिळते.

अंदाज चुकण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या घरोघरच्या एका वाक्यात दडलेले आहे : ‘लहान जीव आहे, भरून काढेल.’ या समजुतीला शास्त्राचाही आधार होता. अमेरिकेतील येल विद्यापीठात मार्गारेट केनार्ड यांनी 1930 च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत, लहान वयात मेंदूच्या हालचालीच्या भागाला इजा झालेली माकडे मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरली. पुढे लोकांनी त्याचा सरसकट नियमच करून टाकला. तो अर्धा खरा आहे. जन्माच्या सुमारास मेंदूच्या डाव्या भागात पक्षाघात झालेली कित्येक मुले पुढे चांगले बोलतात, कारण भाषेचे काम उजवा भाग उचलतो. एक खोली निकामी झाली तर संसार दुसऱ्या खोलीत हलवता येतो. पण जबर आघाताने इजा मेंदूभर विखुरली असेल, सगळ्याच खोल्यांच्या तारा थोड्याथोड्या तुटल्या असतील, तर हलवायचे कुठे? ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे व्हिकी अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. गंभीर इजा जितक्या लहान वयात झाली, तितका पुढच्या शिकण्यावर तिचा परिणाम अधिक, असे त्यांना दिसले. जे कौशल्य अजून उगवायचेच आहे, त्याची जमीनच दुखावलेली असते.

आणि ते कौशल्य न उगवल्याचे कळते फार उशिरा. कपाळामागच्या भागावर अवलंबून असलेल्या गोष्टी, म्हणजे लक्ष टिकवणे, रागाला आवर घालणे, पुढचे ठरवून वागणे, सात महिन्यांच्या बाळाकडून कोणी मागत नाही. त्या शाळेत मागितल्या जातात. बाळ वेळेवर रांगले, चालले, ‘आजी’ म्हणाले, की घर सुटकेचा श्वास टाकते आणि तपासण्या थांबतात. सहाव्या-सातव्या वर्षी मूल वर्गात मागे पडू लागते, तेव्हा ते पडणे कोणाच्या आठवणीतही नसते. मुलाला आळशी, हट्टी म्हटले जाते. ‘भरून काढेल’ हे वाक्य मायेपोटी उच्चारले जाते, पण त्यापायी पाठपुरावा थांबत असेल तर ते घातक आहे, असे मी स्पष्टच म्हणेन. हे सांगताना साध्या टेंगळाचा नव्हे, तर रुग्णालयात राहावे लागलेल्या, स्कॅनवर मेंदूची इजा दिसलेल्या बाळांचा विचार माझ्या मनात आहे.

कोणत्याही स्कॅनमध्ये न दिसणारी आणखी एक गोष्ट पुढच्या वाटचालीवर परिणाम करते, ती म्हणजे घर. मेलबर्नच्या आणि अमेरिकेतील अशा दीर्घ अभ्यासांत घरातील वातावरण, पालकांवरचा ताण, मुलाशी होणारा संवाद यांचा मुलाच्या सावरण्याशी संबंध आढळला. इथे मला त्या पहिल्या दुपारकडे परत यावे लागते. ज्याच्या हातून बाळ पडले, ते माणूस आतून जळत असते. ‘मी दार उघडायला उठले नसते तर’ हे वाक्य रात्रंदिवस डोक्यात घुमते. घरात कोणी ते उघड बोलून दाखवते, कोणी गप्प राहून. त्यामुळे कित्येकदा खरी हकिकत सांगितलीच जात नाही : ‘पडला’ऐवजी ‘आपटला असेल कुठेतरी’, चार फुटांऐवजी ‘पलंगावरून’, दुपारऐवजी ‘मघाशी’. हे लपवणे बाळाला महागात पडते. किती उंचीवरून, कशावर, किती वाजता, लगेच रडले की नाही, मध्ये श्वास थांबला होता का, या उत्तरांवर स्कॅन करायचा की नाही हे ठरते आणि चित्राचा अर्थही त्यांवरूनच लागतो. हकिकत आणि इजा यांचा मेळ बसला नाही तर डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तसे विचारणे त्यांचे कर्तव्यच असते, कारण काही बाळांना मार मुद्दाम लागलेला असतो. तो प्रश्न अपमान समजू नका. आणि तुम्ही सुनेच्या, मुलाच्या किंवा सांभाळणाऱ्या बाईच्या जागी दोष शोधणारे असाल, तर निदान रुग्णालयातून घरी येईपर्यंत तो शोध थांबवा. घाबरलेले माणूस खरे सांगत नाही.

घरी आल्यावर काय? डिस्चार्जच्या कागदांबरोबर स्कॅनची सीडी मागून घ्या. पुढच्या वेळी तुलनेसाठी अहवालापेक्षा मूळ चित्रेच कामी येतात. एक साधी वही घाला. मान कधी धरली, हाक मारल्यावर कधी वळले, दोन्ही हात सारखे वापरते का, झोपेत किंवा जागेपणी झटके दिसले का, हे तारखेसह लिहा. दिवसभर बाळाजवळ असणारे तुम्हीच; आईवडिलांना संध्याकाळी जे दिसत नाही, ते तुम्हाला दिसते. वर्षाआधीच बाळ एकच हात पुढे करू लागले तर ‘डावखुरा निघाला’ म्हणून हसू नका, डॉक्टरांना दाखवा. त्या वयात हातांची अशी निवड सहसा होत नाही.

विकास मोजण्याच्या कसोट्या असतात. आपल्याकडे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी बेतलेली, ‘डीएएसआयआय’ या नावाने ओळखली जाणारी कसोटी जन्मापासून 30 महिन्यांपर्यंत वापरता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली पालघर येथून झाली. या कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर ‘डीईआयसी’ नावाची केंद्रे उभी केली आहेत. विकासाची तपासणी, व्यायामोपचार, वाचा आणि श्रवण यांची मदत तिथे सरकारी खर्चाने मिळते. तुमच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन या केंद्राची चौकशी करा, आणि बाळ ठीक दिसत असले तरी डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. अडीच वर्षांनी ती कसोटी संपते, वही संपत नाही. शाळेत नाव घालण्याच्या दिवशी ती वही आणि स्कॅनचा जुना अहवाल सोबत न्या, आणि तान्हेपणी डोक्याला मार लागला होता, एवढे वर्गशिक्षकांच्या कानावर घाला.